काकांनी रंगवलेला डोळा

माझे काका नकली डोळे बनवायचे. एक डोळा गेलेल्या माणसाला खिडकीशी बसवायचं, त्याच्या चांगल्या डोळ्यात टक लावून बघायचं आणि बारीक ब्रशनं तसाच दुसरा रंगवायचा. स्वभाव तिरसट. काकूनं देवाचं नाव काढलं की म्हणायचे, "तुझ्या देवाचं बिघडलेलं काम मीच निस्तरतो." काकू हसून कामाला लागायची. मला मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

डोळा बसवला की गिऱ्हाइकाच्या हातात आरसा द्यायचा आणि ब्रश धुवायला मागे निघून जायचं, ही त्यांची रीत. रडारड त्यांना सोसत नसे.

एकदा एका शिक्षिकेनं आरशात पाहिलं आणि निघालेल्या काकांचा हातच घट्ट धरला. तिला रडू कोसळलं होतं. काकांना बघावंच लागलं. पाणी दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं, त्यांनी रंगवलेल्यातूनही.

ती पदर डोळ्यांना लावणार, तोच काका म्हणाले, "थांबा, पुसू नका." बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

काकू दारात आली.

"हा डोळा मी केला," काका हळूच म्हणाले. "पाणी माझं नाही."