अ‍ॅबरडीन ते अबुधाबी, परतीच्या तिकिटाशिवाय

अब्बांनी तिकीट पाठवलं ते फक्त जाण्याचं. सोबत दोन ओळी: "ईदला अबुधाबीला ये. पुढचं इथे बोलू." १९६७चा डिसेंबर होता आणि मी स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबरडीनला, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पुढचं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. गावच्या कुणा शहाण्याने त्यांच्या कानावर घातलं होतं की पोरगा तिकडे बिअर पितो, रोजे ठेवणं तर केव्हाच सोडलंय. अब्बा अबुधाबीत तेल कंपनीच्या कॅम्पवर स्वयंपाकी. तिथल्याच स्टोअरमध्ये माझ्यासाठी क्लार्कची नोकरी बघून ठेवलेली. म्हणजे डिग्री खलास!

माझी नात शारजात बसून हे टाइप करून देतेय. ती म्हणते, "दादा, जस्ट से यू टूक अ फ्लाइट." अगं बाई, तुझी ती एक फ्लाइट. माझं ऐक.

आधी रात्रभराची आगगाडी लंडनपर्यंत, थर्मास नसेल तर कुडकुडत. मग विमान बैरुतला थांबून बहारिनला. तिथे बाकावर झोप काढायची आणि सकाळी छोट्या विमानाने दुबई. त्या छोट्या विमानात पोटात काही नसलेलं बरं, आणि माझ्या पोटात नव्हतंच. प्रवासात रोज्याची सूट असते, पण मी ती घेतली नाही. अब्बांसमोर सुकलेल्या तोंडाने उभं राहायचं होतं मला, खोटं कशाला बोलू.

दुबईला हसनचाचा आला होता. अब्बांचा चुलत भाऊ, गाडी चालवायचा आणि त्याहून जास्त तोंड. खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे उघडी होडी. भाडं रियालच्या सुट्या नाण्यांत. दिरहम तेव्हा नोट नव्हता, सुटे पैसे होता. चाचाने लगेच रुपयांत हिशेब करून "लूट आहे लूट" असं होडीवाल्याला ऐकवलं. पलीकडच्या काठावर त्याच्या खोलीवर मुक्काम केला. एका खोलीत सगळे रत्नागिरीवाले, त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती.

दुसऱ्या दिवशी लँड रोव्हरने अबुधाबी. रस्ता? कसला रस्ता! ओहोटी असेल तर समुद्राच्या कडेने घट्ट वाळूवरून, नाहीतर आतल्या खारट जमिनीवरून, जुन्या चाकोऱ्या बघत. वरून कोरडी दिसते, खाली चिखल. आम्ही दोनदा रुतलो. चाकाखाली गोणपाट घालून धक्का मारायचा आणि तोंडातली वाळू थुंकायची. चाचा स्टिअरिंगवरून ओरडत होता, "यल्ला, चल चल, इंजिनीअर, लाव जोर! हेच शिकलास ना?" मी मनात म्हटलं, हेच शिकू दिलं तर बरं. मक्ताच्या खाडीवरचा बांध ओलांडून अबुधाबीच्या बेटावर पोचलो तेव्हा सूर्य खाली आला होता.

अब्बांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रोजा आहे?" एवढंच विचारलं.

"आहे."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

मुदपाकखान्यामागे चटया टाकल्या होत्या. खजूर, भजी, हमूर माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. अजान झाली, सगळ्यांनी रोजा सोडला. कॅम्पवरचा मॅक्रे नावाचा इंजिनीअर भज्यांच्या वासाने रोज यायचा, तसा आला. योगायोग बघा, तो अ‍ॅबरडीनचाच.

चाचाला गप्प बसवेना. "याच्या गावी म्हणे साडेतीनलाच सूर्य बुडतो! रोजा चहाच्या वेळेला सुटतो! मलाही ने रे बाबा." सगळे हसले. अब्बा हसले नाहीत.

मॅक्रेने इंग्रजीत विचारलं, "पण तुला कळतं कसं? डिसेंबरात तिथे सूर्य मी तरी पाहिलेला नाही."

मी सांगितलं, पेपरात रोज लायटिंग-अप टाइम छापून येतो, गाड्यांनी दिवे कधी लावायचे त्याची वेळ. तो बघून मी रोजा सोडतो.

मॅक्रेने कप खाली ठेवला. "अरे, ती वेळ सूर्य बुडून अर्ध्या तासानंतरची असते."

चाचाने अब्बांना समजावून सांगितलं आणि मग मांडीवर थाप मारून असा हसला की त्याला ठसका लागला. मी शरमेने लालबुंद.

अब्बांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "तीन वर्षं असंच?"

"हो."

"बाहेर काळोख झालेला दिसत नव्हता?"

"तिथे दुपारपासूनच काळोख असतो, अब्बा. खात्री वाटायची नाही."

"मग कुणाला तरी विचारायचंस."

"कुणाला विचारणार?"

त्यांनी माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला आणि उठून आत गेले.

ईदची नमाज झाली, शीरखुर्मा झाला. अब्बा म्हणाले, "साहेबाला नोकरी नको म्हणून सांगितलं. तिकिटाचं हसन बघेल. जा, शिकून घे." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग माझ्या हातात खजुराची पिशवी देत ते म्हणाले, "पण एकट्याने रोजा सोडू नकोस. समोर माणूस हवं."

"तिथे आपलं कोण आहे?"

"आपलंच कशाला पाहिजे?"

अ‍ॅबरडीनला परतलो तेव्हा बर्फ पडत होता. घरमालकीण मिसेस रीड, विधवा बाई, खाली स्वयंपाकघरात एकटीच सूप पीत होती. तीन वर्षं ती खाली जेवायची आणि मी वर. मधे फक्त एक जिना. मी खजूर घेऊन दार ठोठावलं. तिने काही न विचारता दुसरी खुर्ची ओढली.

त्या प्रवासातलं बरंचसं आता विसरलो. रुतलेली चाकं, बहारिनचा बाक, सगळं धूसर झालंय. पण पुढच्या रमजानात ती बाई रोज समोर बसायची, माझ्यासाठी स्वतःचं सूप थंड होऊ द्यायची. पेपर उघडून अर्धा तास वजा करायची आणि घड्याळावर नजर ठेवायची. वेळ झाली की बशी माझ्याकडे सरकवून म्हणायची, "यल्ला, ईट." तो शब्द तिला मीच शिकवला होता.