वळणावरची नाली

"बहनजी, आपका कूड़ा क्या सातारा में उठता है?"

समोरच्या दीदी हे विचारायच्या ते पदर सारखा करत, अगदी अदबीनं. त्यामुळे टोमणा बसलाय हे घरी पोचल्यावर कळायचं.

प्रश्न रास्तच होता. यजमान रेल्वेतून निवृत्त झाले आणि आम्ही इथेच लखनौत, मानक नगरजवळच्या एका गल्लीत घर बांधलं. मत मात्र साताऱ्यालाच ठेवलं. बदलीच्या नोकरीतली माणसं आम्ही. यादीतलं नाव काढलं तर गावच सुटेल असं वाटायचं. तिथे जाऊन मत देत होते म्हणाल तर तेही नाही. पार्षदाच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकाच्या, निवडणुकीला नाक मुरडायचं आणि चहाबरोबर दिल्लीची सरकारं पाडायची, असा माझा थाट. तेव्हा मला पाहिलं असतंत तर तुम्ही रस्ता बदलला असतात.

दीदींना दिल्लीशी घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या साहेबांची, म्हणजे यजमानांची, नजर अधू होत चालली होती. संध्याकाळी फिरायला जाणं हा त्यांचा जीव. एकदा वळणावरच्या उघड्या नालीत पाय गेला, आणि त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर येईनात. खिडकीशी बसून चपलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. दीदींना त्या नालीवर फरशा हव्या होत्या. बस, एवढंच.

त्या दर निवडणुकीला मत द्यायच्या आणि त्यांचा माणूस दर वेळी पडायचा.

"आपका वाला फिर हार गया," मी खिजवायची.

"हारा तो हारा. जीतनेवाले ने हमारी गली गिनी तो होगी."

मग वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. निवडून आली एक लाजरी सून. पोस्टरवर तिच्यापेक्षा नवऱ्याचाच फोटो मोठा. दीदी मला घेऊन तिच्या घरी गेल्या. नवरा पुढे झाला. "बताइए अम्मा, काम हम ही देखते हैं."

"आप चाय बनवाइए, भैया. हमने वोट बिटिया को दिया है."

ती आमच्याबरोबर यायला तयार झाली. चपला आणायला आत गेली तशी मी कुजबुजले, "दिया तो आपने दूसरी को था."

"वो मशीन जाने," दीदी म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

त्यांनी त्या पोरीला तशीच गल्लीत आणलं आणि साहेबांचा हात तिच्या हातात दिला. "ज़रा मोड़ तक घुमा लाइए." त्या दिवशी साहेब कितीतरी महिन्यांनी बाहेर पडले. वळणाशी त्यांनी काठी पुढे टेकली, तर खाली काहीच नाही. ते एक पाऊल मागे सरले. पोरीनं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

फरशा पडेपर्यंत थंडी आली. तो हिवाळाभर दीदी आणि साहेब दोघं रोज फिरायला गेली. उन्हाळ्यात दीदी अंगावर ताप काढत राहिल्या, आणि गेल्या.

पुढच्या निवडणुकीला माझं मत लखनौत होतं. मत देऊन घरी परतले तर नात म्हणाली, "अच्छा आजी, एक वोट से होता क्या है?"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं, म्हणून तिला आमच्या दाराशी बोलावलं. साहेब एकटेच निघाले होते. वळणाशी थांबले, काठीनं फरशी चाचपली, आणि पाऊल टाकलं.