मागच्या काचेवरची टिकली

गोंडपिपरीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या बाईंनी माझी नोकरी वाचवली. तलावात मासे धरणाऱ्या घरच्या त्या. फाटलेली जाळी विणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

मी मूळचा गोदावरीकाठच्या सिरोंच्याचा, घरी तेलुगू बोलणारा. आठवीत शाळा सुटली, आणि ड्रायव्हिंग सोडून हातात दुसरं काही नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंची गाडी चालवतो. थंडीत त्या गाडी इथेच ठेवून लग्नाला चार दिवस नागपूरला गेल्या, तेव्हा मी हौसेने गाडी धुतली आणि मागच्या काचेवरचं जुनं स्टिकर आतून ब्लेडने खरवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं. काच तापवून धुकं घालवणारा डिफॉगर लावला, तर सगळी काच साफ झाली, पण मधोमध एक पट्टा धुरकटच राहिला. काचेवरच्या तापणाऱ्या बारीक तारांपैकी तिथली तार माझ्या ब्लेडने कापली होती.  आता नोकरी गेली तर सिरोंच्याला घरी कोणत्या तोंडाने जायचं?

"काऊन रे भाऊ, ओट्यावर असा काऊन बसला?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या. "एक धागा तुटला त जाळं फेकून देते काय कोनी?"

चंद्रपूरला जाऊन मी तुटलेली तार जोडायच्या, वीज वाहून नेणाऱ्या रंगाची बाटली आणली. डिफॉगर चालू करून दिव्याच्या टेस्टरची क्लिप गाडीच्या पत्र्याला लावली आणि टोक त्या तारेवरून हळूहळू सरकवलं. दिवा लागला, लागला, आणि गेला. "इथंच!" मी ओरडलो. बाईंनी कपाळावरची टिकली काढून बाहेरून नेमकी तिथे चिकटवली.

डिफॉगर बंद केला. तुटीच्या वर-खाली चिकटपट्टी लावली. ब्रश उचलला, पण काचेला लावायच्या आधीच तोंडातून तेलुगूत देवाचा धावा सुरू झाला.

"देवाले कोन्या भाषेत बलावून राह्यला? आन इकडे." एका श्वासात त्यांनी रेघ ओढली. मग म्हणाल्या, "डॉक्टरीनबाईले सांगून दे मात्र."

हो म्हणालो. रंग दिवसभर वाळू दिला. मग डिफॉगर लावला, तर तो पट्टाही साफ झाला. आणि मी गप्प बसायचं ठरवलं.

डॉक्टरीणबाई परतल्या. पहिल्याच सकाळी गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं, "मागच्या काचेला टिकली कोणाची?"

 मी ब्लेडपासून सगळं सांगून टाकलं.  त्या म्हणाल्या, "काचेला पुन्हा ब्लेड लावायचं नाही. आणि टिकली राहू दे."

संध्याकाळी बाईंना विचारलं, "टिकली मुद्दाम ठेवली का?"

"राह्यली असन," त्या जाळ्यातून मान वर न करता म्हणाल्या. "तुयी गोदावरी आमच्या तलावापेक्षा मोठी हाय म्हनते, खरं काय?"

खरं आहे, बाई. माझी स्वतःची गाडी होईल, तेव्हा पहिली फेरी सिरोंच्याची. पुढच्या सीटवर तुम्ही बसाल, आणि आमची गोदावरी मी तुम्हाला दाखवीन.