उन्हात ठेवू नका

माझा मोठा भाऊ केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. चोपड्याकडच्या आमच्या गावातून माल भरून तो मुंबईला जायचा आणि परतताना धुळ्याच्या एका दलालाचा माल आणायचा. परदेशी घड्याळं, टेपरेकॉर्डर, साड्या. माल चोरटा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळ्या गावालाच तो हवा होता. माझ्या मनगटावरही तसलंच घड्याळ होतं. बारावी पास झाले म्हणून भावाने दिलेलं. ते कुठून आलं, हे मी विचारलं नाही.

एका वर्षी थंडी संपता संपता भाऊ तीन पेट्या घेऊन आला. दलालाने दोन दिवस घरीच ठेवायला सांगितल्या होत्या. उन्हात ठेवू नका, दणका लागू देऊ नका, एवढीच ताकीद. आई हसली. म्हणाली, हे आम्हाला शिकवणारा तो कोण? आमचा जन्म त्यातच गेला. ते खरंच होतं. केळीचा घड आमच्याकडे तान्ह्या बाळासारखा उचलतात. दणका बसला की तो आतून काळा पडतो आणि कळतं मात्र पिकल्यावर. भावाने ट्रकमधला वाळका पाला पेट्यांखाली अंथरला, फटींतही कोंबला. आईने वर गोधडी टाकली. माझी परीक्षा जवळ आली होती आणि घरात गार कोपरा तेवढाच, म्हणून दोन दिवस मी त्या पेट्यांवर बसून अभ्यास केला.

तिसऱ्या दिवशी पेट्या गेल्या. पुढे एका लांबच्या शहरात स्फोट झाले. आम्ही जेवताना रेडिओवर ऐकलं, अरेरे म्हणालो आणि मी आणखी भाजी वाढून घेतली.

मग पोलीस आले. कुठल्याशा गोदामात स्फोटकांची एक पेटी उरली होती आणि तिच्या फटीत केळीचा पाला होता. पाल्यावरून केळीच्या ट्रकांतून माल आणवणारा दलाल सापडला, दलालावरून भाऊ.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. साहेबांनी विचारलं, उन्हापासून जपा, दणका देऊ नका, एवढं सांगितल्यावरही तुला संशय आला नाही?

भाऊ म्हणाला, "साहेब, आमना बठ्ठा माल असाच जास."

सगळाच माल असा जातो म्हणे, असं म्हणून साहेब हसले. मला ना राग आला ना रडू. मी घड्याळाचा हात ओढणीखाली घेतला, एवढंच आठवतं.

भाऊ सुटून आला तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. त्याला ट्रक कोण देणार? तो केळी कापणाऱ्यांच्या टोळीत गेला. पहिल्याच दिवशी मुकादम सगळ्यांवर ओरडतो तसा त्याच्यावरही ओरडला, हळू ठेव, दणका देऊ नको. भावाने खांद्यावरचा घड पाल्यावर अलगद ठेवला आणि तो सरळ घरी आला.

मी तेव्हा माहेरीच होते. तो त्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"इचार," तो म्हणाला.

त्याला माहीत होतं का, हे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. पण घड्याळाचं कधी विचारलं नाही, आता पेट्यांचं कुठल्या तोंडाने विचारू?

"जेवना का?" मी विचारलं.