देवळात कौलाचा प्रश्न नीट मांडता आला नाही, त्याची गोष्ट

गेल्या सोमवारी आमच्या गावच्या देवळात मला एक साधा प्रश्न विचारता आला नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितोय...

मी मालवणात जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. कुठल्याही कोर्सला गेलो नाही. एका हातात मॅन्युअल आणि दुसऱ्या हातात डिक्शनरी घेऊन शिकलो, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. फीलर गेजने फट न मोजता, नुसत्या अंदाजाने इंजिनाचे टॅपेट सेट करणारा मेकॅनिक माझ्याकडे टिकत नाही.

आमची मुक्ता बारावीला आहे. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला अमेरिकेत जायचंय. स्कॉलरशिप मिळाली तरच, हे घरात आधीच ठरलंय. अर्जांची फी धरून दहाच कॉलेजं निवडायची होती आणि ती यादी करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

नियम ऐकायला सोपा होता. काही कॉलेजं आवाक्याबाहेरची, काही बरोबरीची, काही हमखास घेतील अशी. प्रत्येक कॉलेज शंभरातल्या किती मुलांना घेतं ते बघायचं आणि रकान्यात टाकायचं. म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम...

कसलं काय. एका कॉलेजचा आकडा चांगला म्हणून 'हमखास'मध्ये टाकलं, तर कळलं की इंजिनिअरिंगचा आकडा वेगळा असतो. ते 'बरोबरीच्या'त आणलं, तर परदेशी मुलांचा हिशोब आणखी वेगळा. आणि काही ठिकाणी स्कॉलरशिप मागितली की तोही बदलतो... एकच कॉलेज एका आठवड्यात तिन्ही रकाने फिरून आलं.

शेवटी एका कॉलेजला ईमेल करून नेमकं विचारलं. भारतातली मुलगी, मेकॅनिकल, स्कॉलरशिपसह, शक्यता किती? उत्तर फार नम्र होतं. आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याकडे समग्र दृष्टीने पाहतो म्हणे. मी पार्ट नंबर विचारावा आणि कंपनीने इंजिनाच्या स्वभावाबद्दल लिहून पाठवावं, तसं झालं.

बायको हे सगळं बघत होती. सोमवारी सकाळी म्हणाली, "अवो, तुमचा गणित रोज बदालता. एकदा देवाक विचारूया."

आमच्याकडे अडलं की देवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि आपला प्रश्न देवासमोर घालतात. उजवीकडची आधी पडली तर होकार. मी अशा गोष्टींत फारसा पडत नाही, पण त्या दिवशी बायको आणि मुक्ताबरोबर गेलो... यादी खिशात घेऊन गेलो, हेही सांगतो.

"एकच प्रश्न घालूचो," गुरव म्हणाले. "हो नायतर नाय, येवढाच देव सांगता. बोल."

मी सुरू केलं. म्हटलं, यादी समतोल झाली का... म्हणजे एकूण आकड्याने झालीय, पण परदेशी मुलांच्या आकड्याने बघितलं तर मधली चार वर सरकतात, आणि स्कॉलरशिप धरली तर...

गुरव ओल्या पाकळ्या हातात धरून ऐकत होते. "ह्या तुकाच कळला नाय," ते म्हणाले, "मी देवाक काय सांगू?"

बायको हसली. तेवढ्यात मागून मुक्ता म्हणाली, "काकानू, मी सांगतंय प्रश्न."

"सांग गो."

"वरच्या सगळ्यांनी नाय म्हटल्यानी आणि माका यादीतल्या शेवटच्या कॉलेजात जावचा लागला, तर बाबा जेटीवर तेचा नाव सांगतले काय?"

गुरवांनी माझ्याकडे बघितलं. पाकळी लावू का, असं नजरेनंच विचारलं. मी म्हटलं, नको... हे देवाला कशाला विचारायचं, ह्याचं उत्तर मलाच द्यायचंय.

खरं सांगायचं तर शेवटची दोन नावं मी नुसती रकाना भरायला घातली होती. वरच्या नावांवर माझ्या रात्री गेल्या. ही दोन मी आकडा बघून टाकली, त्यांचं पुढचं पानसुद्धा उघडलं नाही. आणि पोरगी कदाचित तिथेच जाणार होती.

घरी येऊन मुक्ता आणि मी बसलो आणि ती दोन शेवटपर्यंत वाचली. एक कॉलेज परदेशी मुलांना स्कॉलरशिप देतच नाही. ते घेईल हमखास, पण आपण जाणार कसं? मग ते हमखास कसलं... ते काढलं. दुसऱ्यात दुसऱ्या वर्षापासून मुलं स्वतःच्या हाताने इंजिन खोलतात. तो फोटो मुक्ता बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्या माका चलात." हे मला कुठल्याच आकड्यात दिसलं नव्हतं.

काढलेल्या जागी कुठलं घालायचं ते अजून ठरत नाही. समतोल साधला का, तेही माहीत नाही. मधली चार आजही इकडून तिकडे सरकतात आणि मी त्यांच्या मागे फिरतो. इतकी वर्षं इंजिनं उघडली, पण इतका गोंधळ कुठल्या गिअरबॉक्सने घातला नव्हता...

काल जेटीवर एका ट्रॉलरचं काम करत होतो. बोट चालवणारा तांडेल वरून मुक्ताची चौकशी करत ओरडला, "काय रे, चेडू खंय जाता मगे?"

मी यादीतलं सगळ्यात खालचं नाव सांगितलं.

त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. "खंयचा?" म्हणाला. मी हात पुसले आणि नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, नीट ऐकू जाईल असं.