वहाळावरचा जांभ्याचा पूल

ताज्या कापलेल्या जांभ्याच्या चिऱ्याचा ओलसर वास आला की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाडीत ट्रक येईना म्हणून वहाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, जांभ्याचा जुना अरुंद पूल पाडून तिथंच सिमेंटचा बांधायचं गावात चाललं होतं. मामंजींचा जीव त्या कमानीवर, पण त्यांचं कोणी ऐकेना. तेवढ्यात बोटीवर नोकरी करणारे आमचे हे रजेवर आले, ते चीनमधल्या एका दगडी पुलाचं चित्र घेऊन. देवळातल्या बैठकीत त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. "हजार वर्षांचा आहे. लोक अजून त्यावरून बाजाराला जातात, लांबून माणसं बघायला येतात." पूल पाडायला सगळ्यांत उतावीळ असलेले गावचे मानकरी गावकर ते चित्र बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "कमान आपल्यासारखीच हाय की! ऱ्हाऊ दे आपला. नवा वरच्या अंगाला बांधू." मामंजींनी पानाची चंची त्यांच्यापुढे सरकवली. घरी सासूबाईंनी चित्र हातात घेतलं आणि लेकाला बजावलं, "परत तिकडं गेलास की त्यांना सांग, आमचा पन उभा हाय." आम्ही पोट धरून हसलो. आता मीच सासू झाले आहे, आणि यांनी तो निरोप खरंच पोचवला असणार, याची मला खात्री आहे.