तुळशीदासदादांची अर्धी शिंपी

तव्यावर पोळी होती, मुलीची एक वेणी घालून झाली होती, दुसरी राहिली होती. तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं अंजनाबाई. वेसाव्याहून मासळी घेऊन ती याच वेळी येते. दारात तिचे यजमान उभे होते, तुळशीदासदादा. हातात रुमालात गुंडाळलेली डबी, चेहरा पांढराफटक.

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दादा शिपाई. मी बी.एस्सी. झाले त्याला यंदा, सत्याऐंशीत, बारा वर्षं झाली. ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखा दिसणारा समुद्री जीव, ओळखायला आम्हा मुलींना खरं तर त्यांनीच शिकवलं. एका हातात घरची तिसरी, कालवणातली शिंपली, दुसऱ्या हातात कच्छची दगड झालेली शिंपी. तिसरीची दोन झाकणं एकसारखी असतात. हिचं एक मोठं, एक लहान, पण मधोमध रेघ मारली तर डावं-उजवं बरोब्बर जुळतं. मोठ्या झाकणाला चोच, चोचीला भोक. त्यातून देठ काढून तो जीव समुद्रतळाला धरून राहायचा. लहान झाकणाच्या आत चुन्याची नाजूक कडी. बाहेरून दोन शिंपल्या जुळ्या बहिणी वाटल्या तरी कोणती कुठल्या प्रजातीत घालायची, ते बऱ्याचदा ही कडी ठरवते.

कडी बघायला शिंपी फोडून चालत नाही. चोचीकडून केसभर घासायची, दिसेल ते ट्रेसिंग कागदावर काढायचं, परत केसभर घासायची. शेवटी शिंपी संपते, चित्रं उरतात. हे काम आमचे भूशास्त्राचे सर दादांशिवाय कोणाला देत नसत.

दादा उंबऱ्याशीच बसले. दिलेलं पाणी तसंच राहिलं. मग तुटक तुटक सांगू लागले. सरांनी बाहेरगावच्या संग्रहातून एक शिंपी उसनी आणली होती. एका प्रजातीचं नाव तिच्यावरूनच ठेवलेलं, मूळ नमुना म्हणून जपलेली ती एकच. तिच्यावर लाल शाईचा नंबर होता. दुसरी अगदी तशीच दिसणारी, सरांनी स्वतः कच्छहून आणलेली, ती घासायची होती. दोघींचे फोटो निघणार म्हणून दादांनी त्या सोडा घालून ब्रशने घासल्या, घरी तिसऱ्या कालवणात टाकण्याआधी घासतात तशा, एकाच वाडग्यात. नंबर धुऊन गेला. सरांना सांगायची हिंमत झाली नाही. फोटो निघाले, नंबराचं कोणी विचारलं नाही. मग अंदाजाने एक उचलली आणि चार दिवस घासली. आज अकरा वाजता सर उसनी शिंपी परत पाठवणार होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि आता नोकरी तर जाईलच, वर चोरीचा आळ येईल, हे ते तीनदा म्हणाले.

डबीत एक अख्खी शिंपी होती, एक अर्धी. सोबत, उसनी कोणती ते मी ओळखावं म्हणून, नोंदवहीतलं तिचं चित्र. चित्रात चोचीसमोरच्या कडेला डावीकडे एक बारीक खाच होती. मी अख्खी शिंपी खिडकीशी नेली. कड शाबूत. म्हणजे उसनी ही नव्हे. अर्धी उचलायचं धाडस होईना. पोळी करपल्याचा वास आला, गॅस बंद केला, हात पुसले, आणि मग उचलली. खाच होती. मी नखाने दाखवली.

"मला दिसली होती, ताई," दादा म्हणाले. "वाटलं, तुम्हाला नाही दिसणार."

त्यांनी खिशातून कागद काढून जमिनीवर ओळीने मांडले, एकेचाळीस. पहिल्यावर चोचीचं भोक, मग झाकणांचे सांधे, मग कडीच्या दोन बाजूंचे पांढरे ठिपके, कागदागणिक एकमेकांपासून लांब जाणारे. शेवटच्या कागदावरही ते जुळले नव्हते. लवकर जुळले तर कडी आखूड, प्रजाती आहे तिथेच राहणार. पुढे जातच राहिले तर ती दुसऱ्या कुळात हलवावी लागणार. त्या शिंपीच्या आत आजवर कोणीच पाहिलं नव्हतं.

मी वहीतलं पान फाडलं. म्हटलं, झालं ते सगळं आधी खरं लिहू, सरांच्या हातात तुम्हीच द्या, मी सोबत येते. मग नोकरीसाठी विनंती लिहू का, ते विचारलं. दादा त्या अर्ध्या शिंपीकडे बघत राहिले.

"नोकरीचं नको, ताई. एवढंच लिहा. उरलेली अर्धी मलाच घासू द्या."